केरबाची फक्की

कबड्डीच्या मैदानावर रेघा मारायला एक पांढरी भुकटी वापरतात, तिला फक्की म्हणतात. आमच्या गावच्या हायस्कुलात ती चुन्याची असायची. शहाण्णव सालच्या गणपतीनंतर ती चुन्याची राहिली नाही, आणि तिथून माझ्या धाकट्या दिराच्या, केरबाच्या, जिवाची जी घालमेल सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

आमचं गाव उंब्रजच्या पलीकडं, तारळी नदीच्या काठाला. केरबा तिथल्या हायस्कुलाचा शिपाई. घंटा त्याची, पाण्याचा माठ त्याचा, वर्ग झाडायचं त्याच्याकडं, मैदानही त्याच्याकडं. हेडमास्तर आले आणि बदलून गेले, केरबा होता तिथंच. त्याच्या घंटेवर गावातल्या बायका तवा चुलीवर ठेवायच्या. घंटेला उशीर झाला तर भाकरी थांबायच्या, आणि घरोघरची माणसं मास्तरला न बोलता केरबाला बोलायची. तो काही मनावर घ्यायचा नाही. शांत माणूस. त्याची बायको रंगूबाई म्हणायची, "ह्यास्नी इच्चू चावला तरी आधी त्येला इचारतील, तुला लागलं न्हाई ना."

तर त्या साली काय झालं, माझी नात क्रांती नववीत होती आणि मुलींच्या संघातून कबड्डी खेळायची. एकदा पकडीत ती तोंडावर आपटली ती बरोबर रेघेवर. चुना डोळ्यात गेला. आठवडाभर डोळा उघडेना. केरबा रोज संध्याकाळी येऊन बघून जायचा. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही काय तिला ढकललं नाही."

"रेघ म्या मारली हुती, वैनी."

त्याच्या मनाने घेतलं की मैदानावर चुना आता नको. झोंबणार नाही असं काहीतरी पाहिजे. आधी त्याने गुऱ्हाळाची राख आणून बघितली. ती पहिल्याच वाऱ्याने हेडमास्तरांच्या खोलीत गेली. मग त्याची नजर विहिरीमागच्या ढिगाकडं गेली.

हा ढीग सिमेंटच्या पत्र्यांचा. त्या उन्हाळ्यात वादळ झालं, त्यात शाळेच्या दोन वर्गांवरचे पत्रे फुटले. नवे घातले आणि फुटके विहिरीमागं टाकले. त्यातले बरेसे तुकडे गावाने नेले. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातले, कुणी न्हाणीला आडोसा केला. उरलेले केरबाने फरशीवर पसरले आणि धुमसाने कुटले. धुमस म्हणजे जमीन चोपून बसवायचा दांड्याचा जड ठोकळा. ते कुटून झाल्यावर तो माझ्याकडं आला.

"वैनी, एखादी जुनी चाळण हाय का?"

"कशाला?"

"पीठ चाळायचंय."

"शाळंत गिरणी काढली काय भावजी?"

"काढली म्हना की," म्हणाला आणि चाळण घेऊन गेला.

पीठ खरंच छान निघालं. राखी-पांढरं, हाताला मऊ. डोळ्यात गेलं तरी जळत नव्हतं, खरचटलेल्या गुडघ्याला झोंबत नव्हतं, राखेसारखं लगेच उडूनही जात नव्हतं. खेळाचे सर मानसिंगराव फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलेले. ते सहसा कुणाला शाबासकी देत नसत, पण त्यांनी सगळ्या पोरांसमोर केरबाच्या पाठीवर थाप मारली. "ह्येला म्हनत्यात डोस्कं," म्हणाले.

पोरांना तर ती फारच आवडली. चढाईला निघायच्या आधी खेळाडू मधल्या रेघेला हात लावून कपाळाला लावतो, ही जुनी रीत. आणि तळहाताला माती चोळतो, घामाने पकड सुटू नये म्हणून. चुना असताना रेघेला बोट टेकवून भागवायचे. आता मुठी भरून घ्यायचे, हाताला चोळायचे, टाळी वाजवून उरलेली झटकायचे. टाळीसरशी धुराचा लोट उठायचा आणि पोरं त्यातून कबड्डी कबड्डी करत पळायची. बघायला फार बरं वाटायचं. दिवाळी झाली, थंडी पडली, मैदान कोरडं ठणठणीत झालं, आणि तालुक्याचे सामने यंदा आपल्याच मैदानावर व्हायचे असं ठरलं. मानसिंगरावांनी मिशीला पीळ दिला. केरबाने आणखी पत्रे कुटले.

सामन्यांच्या आठवड्यात रंगूबाईचा भाऊ सयाजी आमच्याकडं आला. तो वीस-बावीस वर्षं मुंबईकडं कारखान्यात होता. पत्र्याचाच कारखाना. आता काम सुटून गावाला आला होता तो नुसती हाडं घेऊन. ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला तो मधे थांबायचा, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून आभाळाकडं बघायचा. रंगूबाईने केरबाच्या मागं लकडा लावला, तसा गुरुवारी केरबा त्याला सांगलीला घेऊन निघाला. माझ्या डोळ्यात पडदा वाढत होता, तोही दाखवायचा होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले.

छातीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव विनोदिनीबाई. बाहेर बाकावर सांगलीजवळच्याच कुपवाडच्या कारखान्यांतली तरणी पोरं खोकत बसली होती. आमचा नंबर आला. बाईंनी सयाजीच्या छातीचा फोटो काढून आणवला, उजेडावर धरला आणि विचारलं, "कारखान्यात नेमकं काय काम करत होता?"

"गोन्या फोडून मिक्सरात वतायचो."

"कसल्या गोण्या?"

"दगडी कापूस म्हनायचो आमी. दिसायला कापूस, असतोय दगूड. शिमिटात कालवला की पत्रा तयार."

"तोंडाला काही बांधत होता?"

"सुरवातीला रुमाल बांधायचो. त्येनं गुदमराय लागलं, म्हनून सोडला." सयाजी स्वतःच हसला आणि हसता हसता खोकत बसला.

बाईंनी आम्हा सगळ्यांना फोटो दाखवला. मला त्यातलं काय कळणार, पण फुप्फुसाच्या खालच्या अंगाला कोळ्याने जाळं विणावं तसं दिसत होतं. बाई म्हणाल्या, "तुमचा तो दगडी कापूस म्हणजे ॲस्बेस्टॉस. गाड्यांच्या ब्रेकमध्येही तोच घालतात. त्याचे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की तिथं रुततात. खोकून निघत नाहीत, विरघळत नाहीत. त्या वेळी काही कळतही नाही. वीस-तीस वर्षांनी असा दम लागायला लागतो. कुणाकुणाला याहून वाईट आजार होतो."

सयाजी आभाळाकडं बघावं तसा छताकडं बघत होता. केरबाने विचारलं, "बाई, शाळांवर असत्यात ते शिमिटाचं पत्रं, त्यात बी ह्येच असतंय?"

"बहुतेक त्यातही हेच. पण घाबरायचं कारण नाही. छपरावर धड आहेत तोवर ते त्यांच्या जागी, आपण आपल्या जागी. फक्त ते फोडू नयेत, करवतीने कापू नयेत, भोकं पाडू नयेत. तुकडे पडले तर आधी पाणी मारायचं आणि ओले असतानाच उचलायचे. कोरडा झाडू कधीच मारायचा नाही."

"आन कुटलं तर?"

बाई हसल्या. "कुटेल कोण? त्याचं काय कूट घालायचंय कोशिंबिरीत?"

मी केरबाकडं बघितलं. त्याच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं होतं. बाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी विचारलं, "का हो? कुणी कुटलंय का?"

"न्हाई," केरबा म्हणाला. "इचारलं आपलं."

परत येताना हा माणूस गाडीत बसेना. जागा होती तरी दांडीला धरून उभा. इस्लामपूरला गाडी थांबली तसा खाली उतरला, गाडीला एक फेरी मारली, परत चढला, परत उतरला. कंडक्टर म्हणाला, "पाव्हनं, एकदा काय ते ठरवा." गाडी सुटल्यावर तो माझ्या सीटपाशी वाकला.

"वैनी, रविवारी सामनं हायत."

"माहीत आहे."

"सामन्यासाठी म्हनून रेघा जाड केल्यात. मधल्या रेघंला तर पाटीभर वतलीया."

"मग उद्या जाऊन सरांना सांगा."

"काय सांगू? म्या कुटलं म्हनून सांगू?"

"दुसऱ्याने कुटलं असतं तर त्याचं नाव सांगितलं असतंत. तुम्ही कुटलंय, तर तुमचंच सांगायचं."

तो परत दांडीला धरून उभा राहिला. सयाजी खिडकीशी डोळे मिटून बसला होता. त्याच्या श्वासाची शिट्टी गाडीच्या आवाजातही ऐकू येत होती आणि केरबा ती ऐकत होता.

शुक्रवारी सकाळी तो हेडमास्तरांकडं गेला. सुमंत सर मूळचे वाईचे, सभ्य माणूस, आवाज चढवत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. केरबाने नंतर मला सांगितलं, सरांचा हात सगळा वेळ टेबलावरच्या पेपरवेटवर होता, फिरवत होते.

"केरबा," सर म्हणाले, "जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांवर हेच पत्रे आहेत. उद्या गावात बोभाटा झाला तर पोरं शाळेत येतील का?"

"सर, छपराचं न्हाई, मी मैदानाचं म्हनतोय."

"मैदान उघड्यावर आहे. वारा आहे, माती आहे. मांडव पडलाय, तालुक्यातून संघ निघालेत, पाहुण्यांना बोलावणं गेलंय. सामने होऊन जाऊ देत. सोमवारी आपण काय ते करू."

मानसिंगराव तिथंच होते. ते म्हणाले, "फौजेत आमी बंदुकीचा धूर खाल्ला, राजस्थानची वाळू खाल्ली, काय झालं आमाला? तुला कुनी फितवलंय काय रं? पलीकडच्या शाळंनं च्या पाजला वाटतं."

"मानसिंगराव, तुमच्या पाया पडतो, आज सराव तरी बंद ठिवा."

"सामनं परवा आन सराव बंद? गड्या, तुला याड लागलं का काय?"

त्या दिवशी केरबाने घंटेचा पार खेळ केला. पोरं मधल्या सुट्टीत मैदानात उतरली की हा लगेच तास भरल्याची घंटा द्यायचा. पोरं वर्गात यायची, मास्तर घड्याळ बघायचे, पोरं परत मैदानात. गावात बायकांच्या भाकरी दोनदा चुलीवर चढल्या. शेवटी तो स्वतःच मधल्या रेघेवर हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "आत याचं न्हाई." पोरांना वाटलं तात्या खेळायला आले. विश्वजीत नावाचा उंच पोरगा होता, मुलांच्या संघाचा कप्तान. त्याने मूठभर फक्की हाताला चोळली, कबड्डी कबड्डी करत आला, केरबाला शिवला आणि परत पळाला. "तात्या बाद," पोरं ओरडली. मग एकामागून एक सगळीच आली. केरबा एकाला धरायचा तेव्हा चार जण शिवून जायचे. त्या झटापटीत जेवढी धूळ उठली तेवढी महिन्यात उठली नसेल. मी आमच्या शेताच्या बांधावरून बघत होते. माणूस गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी ती रेघ आपल्याकडं ओढायला लागला, मग एकदम ओढायचंही थांबला, कारण ओढली की आणखी उडत होती.

दिवेलागणीला तो आमच्या घरी आला तेव्हा आमचे मालक जेवायला बसले होते. मालक म्हणजे केरबाचा थोरला भाऊ. शाळेच्या मागल्या अंगाला आमचा ऊस होता, दोघा भावांचा मिळून. नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी प्रत्येकाला पाळीने मिळायचं आणि शनिवारी आमची पाळी होती. ती चुकली तर पुन्हा पंधरवड्याने.

"दादा, उंद्याचं पानी मला पायजे," केरबा म्हणाला.

"तुला म्हंजे? ऊस काय माझ्या एकट्याचा हाय?"

"उसाला न्हाई. मैदानाला."

मालकांनी घास खाली ठेवला. "मैदानात काय लावलंयस? भुईमूग?"

केरबाने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सांगलीच्या बाई काय म्हणाल्या, सर काय म्हणाले, पोरांनी काय केलं. बोलता बोलता तो उंबऱ्यापासून चुलीपर्यंत येत होता आणि परत जात होता. मालक म्हणाले, "अरं पर ऊस वाळंल. आदीच पिवळा पडलाय. आन सरांनी सांगितलंय न्हवं, सोमवारी बघू म्हनून?"

"सोमवारी पोरांच्या छातीतनं काढनार हाय का सर?"

क्रांती भिंतीला टेकून बसली होती. सराव करून आली ती तशीच. तिच्या कोपरापासून तळव्यापर्यंत राखी भुकटी बसली होती आणि ती हात फ्रॉकला पुसत होती. मालकांनी तिच्याकडं बघितलं. मीही बघितलं. केरबा म्हणाला, "पोरी, झटकू नगंस. न्हानीत जा आन वल्ल्या फडक्यानं पूस." ती उठून गेली.

"सारा पाट तिकडं फोड," मालक म्हणाले आणि ताट सारून हात धुतला.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थनेच्या आधी दोघा भावांनी मैदानाभोवती मातीचा बांध घातला, वाफ्याला घालतात तसा, म्हणजे पाणी बाहेर पडून ते पीठ उसात नको जायला. मग केरबाने पाट फोडला. पोरं "खरा तो" म्हणेपर्यंत पाणी मधल्या रेघेला पोचलं होतं आणि प्रार्थना संपली तेव्हा मैदानात आभाळ दिसत होतं.

मानसिंगराव बूट घालून धावत आले ते घोट्याएवढ्या चिखलातच थांबले. "केरबा, भात लावतोस काय?"

"सर, तुमी भाईर या आधी."

सुमंत सर पायरीवर उभे होते. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "मला हे संस्थेला कळवावं लागेल. तुमची नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळवा सर. पानी मुरूस्तवर आत कुनी जानार न्हाई एवढं बघा, मग कुनालाबी कळवा."

पोरं ओळीने उभी राहून बघत होती. तेवढ्यात रंगूबाई भावाला घेऊन फाटकातून आली. तिने त्याला आणलं नव्हतं, तोच आला होता, ही मागून हात धरायला आली होती. फाटकापासून मैदानापर्यंत यायला सयाजी दोनदा थांबला. मानसिंगरावांनी आधी त्याला ओळखलंच नाही. मग म्हणाले, "सयाजी? तू हायस का ह्यो?"

हे दोघे तरुणपणी एकमेकांविरुद्ध खेळायचे. तेव्हा कबड्डीला आमच्याकडं हुतुतू म्हणत. चढाई करणाऱ्याने एका श्वासात हुतुतू म्हणत जायचं, श्वास तुटला की बाद. सयाजीचा दम चार गावांत नावाजलेला.

"अरं काय दम हुता तुजा," मानसिंगराव म्हणाले. राग क्षणभर बाजूला पडला होता. "एका दमात आमचं सगळं गडी शिवून, वर आमाला शिव्या दिऊन माघारी जायचास."

"शिव्या न्हवत्या," सयाजी म्हणाला. "त्येवढा दम न्हवता."

"आता घाल बघू एकदा. बघू दे ह्या पोरास्नी, दम कसा असतोय ती."

थट्टेनेच म्हणाले ते. पण सयाजीने कंबर बांधल्यासारखं धोतर सावरलं, एक पाय पुढं टाकला, बांधाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, "हुतुतु, तु..." तेवढंच. पुढचा आवाज आला तो शिट्टीचा. तो बांधावर बसला, ओठ निळे पडलेले, रंगूबाई पाठ चोळायला लागली. पोरं हसायच्या बेतात होती ती हसली नाहीत.

मानसिंगराव त्याच्याशेजारी खाली बसले. "कुटं हुतास रं इतकी वरसं?"

सयाजीला बोलायला वेळ लागला. "ह्या केरबानं जे कुटलंय न्हवं," तो म्हणाला, "तेच कालवत हुतो."

मानसिंगरावांनी पाण्याकडं बघितलं. मग आपल्या तळहातांकडं बघितलं. पोरांना चोळायला शिकवलं होतं ते त्यांनीच. उठले आणि केरबाला विचारलं, "फावडी किती हायत?"

खरं सांगायचं तर त्यानंतर सगळ्यात जास्त डोकं सुमंत सरांनीच चालवलं. त्यांनी शाळा सोडून दिली, मानसिंगरावांची फटफटी घेऊन स्वतः उंब्रजला गेले, तिथून सांगलीला बाईंना फोन लावला आणि सगळं नीट विचारून आले. माती ओली आहे तोवरच वरचा थर खरवडायचा. आत प्लास्टिक असलेल्या खताच्या पोत्यांत भरायचा, तोंड घट्ट बांधायचं, आणि जिथं कुणी नांगरणार नाही, विहीर खणणार नाही तिथं खोल खड्ड्यात पुरायचा. नाकातोंडाला फडकं बांधा, पण फडक्याच्या भरवशावर राहू नका, पाणीच मारत राहा. उरलेले तुकडे आणि शिल्लक फक्कीही त्यातच. अंगावरचे कपडे घरी न नेता तिथंच पाण्यात बुडवायचे. लहान पोर एकही जवळ नको. ते आले, आणि सदऱ्याच्या बाह्या सारून स्वतः पोत्यांची तोंडं बांधत बसले. वाईच्या माणसाला गाठ मारता येत नव्हती, मालकांनी परत सोडून परत बांधल्या.

संध्याकाळपर्यंत केरबा थांबला नाही. सगळे दमून बसले तरी तो बादलीने पाणी शिंपत होता, जिथं शिंपलं होतं तिथंच परत. चाळणही त्याने पोत्यात घातली. मी म्हटलं, "भावजी, ती माझी होती."

"तुमाला नवी आनतो, वैनी," म्हणाला. अजून आणतोय.

सामने रविवारी झाले, पण नदीच्या वाळूत. खुंट्या मारून काथ्याची दोरी ताणली, त्याच रेघा. क्रांतीचा पाय दोरीत अडकला आणि मुलींचा संघ दुसऱ्याच सामन्यात बाद झाला. मुलांचा पहिल्याच. पाहुण्यांच्या गाडीचं चाक वाळूत रुतलं. या सगळ्याबद्दल गावाने केरबाच्या नावाने बोटं मोडली. आमच्या उसाबद्दल कुणी काही म्हणालं नाही, तो आपला गुपचूप वाळला.

सरांनी संस्थेला काय कळवलं ते मला माहीत नाही. नोकरी काही गेली नाही. उलट संक्रांतीच्या सुमारास त्यांनी विनोदिनीबाईंना शाळेत बोलावलं आणि आसपासच्या शाळांचे मास्तर आणि शिपाई जमवले. सयाजीला पण आणलं होतं. बाईंनी विचारलं, पत्र्याचं कोण काय काय करतं ते न लाजता सांगा. आधी कुणी बोलेना. मग केरबा उभा राहिला आणि त्याने आपलं सांगितलं, धुमसापासून चाळणीपर्यंत. त्यानंतर तोंडं उघडली. एक मास्तर म्हणाले, नकाशा टांगायला दर वर्षी नवीन खिळा ठोकतो पत्र्यात. एकजण तुकड्यावर भांडी घासत होता. कुणी पत्रा करवतीने कापून खिडकीला लावला होता आणि भुसा झाडून काढला होता. मेढ्याकडून आलेला एक शिपाई मात्र सगळं झाल्यावर केरबाला हळूच म्हणाला, "पर पावनं, चाळन कंच्या नंबराची घेतलीवती?" बाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

शेवटी केरबाने विचारलं ते त्याला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. "बाई, जे आत गेलंय त्येचं काय?"

"दोन-तीन महिने, उघड्यावर," त्या म्हणाल्या. "बहुतेक पोरांना काहीही होणार नाही. पण कुणालाच होणार नाही असं मी म्हणणार नाही. ते कळायला वीस-तीस वर्षं जातात."

"तवर मी न्हाई."

"तोवर एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. विडी-सिगरेट. ही धूळ आणि तंबाखूचा धूर एका छातीत आले तर कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो. तेवढं त्यांना सांगा."

केरबाने ते ऐकलं आणि खिशातला स्वतःचा विडीचा कट्टा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंना वाटलं, त्यांना देतोय.

त्या दिवसापासून हा माणूस त्या पोरांच्या मागं आहे. ती आता मोठी झाली, कुणी कॉलेजात, कुणी भरती झालं. हा लग्नात जेवायला बसला तरी कोण उठून मांडवामागं गेलं ते बघतो. यात्रेत तमाशाच्या तंबूबाहेर धूर दिसला की आत शिरतो. पोरांनी त्याला बघून खिशात पेटती सिगरेट टाकलेली आहे, सदरे जळलेत. रंगूबाई म्हणते, "सयाजी गेला तवा ह्यांनी येवढं केलं न्हाई." सयाजी पुढच्याच पावसाळ्यात गेला.

परवाचीच गोष्ट सांगते. मी आणि केरबा बाजाराला कराडला निघालो होतो. उंब्रजच्या स्टँडवर गाडी थांबून निघाली, चाकं फिरायला लागली, आणि हा साठीला टेकलेला माणूस दारातून खाली उडी मारून गेला. मी ओरडून गाडी थांबवली. कंडक्टर माझ्यावरच डाफरला, तरी मी खाली उतरले. बघते तर पानटपरीपाशी विश्वजीत उभा, फौजेतून सुट्टीवर आलेला, डोक्याचे केस बारीक, बोटात सिगरेट.

"तात्या, आता मी फौजेत हाय," तो म्हणत होता.

"मग? फौज काय छाती बदलून देती?" केरबाने त्याच्या बोटातली काढून पायाखाली विझवली.

"कदी मदी वढतो तात्या. किती जनांच्या मागं फिरनार तुमी?"

"तुमी हुता तेवढ्यांच्या. कोन कोन कुटं हाय सांग मला."

विश्वजीत हसला, मग केरबाचं तोंड बघून हसायचा थांबला आणि आठवून सांगायला लागला. एक पुण्याला, एक सुरतेला, दोघं कराडलाच, एक कुपवाडला ब्रेकचे लायनर करतात त्या वर्कशॉपात.

"कसलं लायनर?"

"गाड्यांच्या ब्रेकचं. घासायचं काम हाय. लय धूळ असती म्हनतो."

केरबाने माझ्याकडं बघितलं. बाजाराची पिशवी त्याच्या खांद्यावर होती ती त्याने माझ्या हातात दिली, आणि सांगलीची गाडी कुठं लागते ते विचारायला तो चौकशीच्या खिडकीकडं निघाला.